पाळी जायच्या वयात छातीला सुटणारी खाज: कुणाला झालीय का?

जुई_भांडुप

चार दिवस हा मजकूर लिहितेय आणि पुसतेय. आज सासूबाई झोपल्यात, मुलगा क्लासला गेलाय, म्हणून एकदाचा टाकतेच.

मी ४९ वर्षांची. गेल्या वर्षी गौरी जेवल्या त्या दिवशी पाळी आली, ती शेवटची. त्याला आता आठ महिने होतील. अंगातून वाफा निघणं, रात्री उशी भिजणं, उगाच रडू येणं हे सगळं आईकडून ऐकलेलं होतं, त्यामुळे त्याचं नवल वाटलं नाही. पण फेब्रुवारीपासून छातीला जी खाज सुटलीय, ती कुणीच सांगितली नव्हती. छाती म्हणजे स्तनच. इथे स्पष्ट लिहिते, नाहीतर कुठे लिहिणार.

वरच्या भागाची कातडी इतकी कोरडी झालीय की काळा ब्लाउज काढला की आतून पीठ भुरभुरल्यासारखं दिसतं. आंघोळ करून बाहेर आले की कातडी ताणल्यासारखी होते, तडतडते. खालच्या घडीत मात्र वेगळंच. तिथे लाल, ओलसर, आणि घाम आला की चरचरतं. डाव्या बोंडावर एक बारीक खपली धरते, निघाली की दोन-तीन दिवसांनी परत येते. ती बहुतेक मीच खाजवून खाजवून केली असेल.

मी मस्जिद बंदरला एका कापडाच्या पेढीत हिशेब बघते. सकाळच्या स्लो गाडीने जाते. कुर्ल्याला गर्दी चढली की हात वर करायलाही जागा राहत नाही, आणि नेमकी तेव्हाच खाज सुटते. मग पर्स छातीशी धरून ती वरखाली करत राहते. परवा समोरची मुलगी माझ्याकडे बघत होती, मी मान फिरवली. पण खरा त्रास रात्रीचा. दोन-अडीचला जाग येते. स्वयंपाकघरात जाऊन माठातल्या पाण्याने पेला भरते आणि तो गार पेला तसाच गाउनवरून छातीला लावून ओट्याला टेकून उभी राहते. दहा मिनिटं बरं वाटतं. परत आडवी झाले की सुरू.

काय काय केलं ते सांगते. खोबरेल तेल वरखाली सगळीकडे चोपडलं. घडीत टाल्कम पावडर टाकली, तिचे घामाने लगदे झाले. कडुलिंबाचा पाला उकळून त्या कढत पाण्याने आंघोळ केली. अंगावर पाणी पडतं तोवर स्वर्ग वाटतो, नंतर दुप्पट खाज. शेवटी नाक्यावरच्या औषधवाल्याकडे गेले. त्याच्या दुकानात चार पुरुष उभे. खरं सांगायला जीभ रेटेना, म्हणून ‘मिस्टरांच्या पायाला गजकर्ण झालंय’ असं सांगितलं. त्याने एक ट्यूब दिली. तीन दिवसांत सगळं इतकं छान झालं की मी देवापुढे साखर ठेवली. लावायची थांबवली आणि आठवड्यात आधीपेक्षा जास्त लाल झालं. परत लावली, परत तेच. असे तीन आठवडे झालेत.

आमचं एक खोली आणि स्वयंपाकघर. मोठा आरसा बाहेरच्या कपाटाला आहे, मोरीत फक्त दाढीचा छोटा आरसा. त्यामुळे नीट बघितलेलंही नाही, हाताला लागतं तेवढंच कळतं.

हे पाळी जाण्यामुळेच होतं का? आणि दाखवायचं कुणाला, बायकांच्या डॉक्टरला की कातडीच्या?

—

पारिजात_दहिसर

जुई, एकटी नाहीस गं. मला पाठ आणि छाती दोन्ही. कोरडेपणापेक्षा मला मुंग्या चालल्यासारखं व्हायचं. ढेकूण झाले म्हणून मी तीन वेळा गाद्या उन्हात घातल्या, पलंगाच्या फटींत औषध मारलं, नवऱ्याला मात्र काहीच चावत नव्हतं. शेवटी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की या वयात असं होतं. आंघोळीनंतर साधं बिनवासाचं क्रीम लावायला लागले, आठ-दहा दिवसांत निम्मं कमी झालं. कढत पाणी आजच्या आज बंद कर.

—

शिवणवाली_लालबाग

ताई, मी डॉक्टर नाही. सव्वीस वर्षं ब्लाउज शिवतेय, तेवढ्यावरून बोलते.

पंचेचाळिशी ओलांडलेल्या बायका माझ्याकडे जुने ब्लाउज उसवून घ्यायला येतात. ‘टोचतंय’ एवढंच म्हणतात, पुढे बोलत नाहीत. मी ब्लाउज उलटा करून बघते, तर बहुतेक वेळा कारण तिथेच सापडतं.

पहिलं अस्तर. सुती म्हणून विकलेलं अस्तर सुती असेलच असं नाही. कडेचा एक धागा ओढून काडेपेटीने पेटवा. सुती असेल तर कागद जळल्यासारखा वास येतो आणि बोटाने चुरली की राख होते. पॉलिस्टर असेल तर वितळून आकसतो आणि टोकाला टणक काळा मणी बनतो. मी नवीन पोरींना शिवण शिकवताना आधी हेच करून दाखवते. आणि अस्तर शिवायच्या आधी रात्रभर पाण्यात भिजवून खळ काढायलाच हवी. घाईच्या दिवसांत, लग्नसराईत, ही पायरी सगळ्यात आधी गळते.

दुसरं, आतली शिलाई. ओव्हरलॉकचा दोरा बारीक असला तरी कडक असतो, आणि कटोरीच्या खालची शिलाई बरोब्बर स्तनाच्या घडीत बसते. तिथे मऊ सुती पट्टी लावून शिलाई झाकून मागा. कुठलीही शिंपीण देईल, पाच मिनिटांचं काम आहे. आयत्या पॅडचे ब्लाउज सध्या सगळ्यांना हवे असतात, पण त्या स्पंजात घाम मुरतो आणि वाळत नाही. तुम्हाला खाज आहे तोवर पॅड काढून टाका.

तिसरं, माप. या वयात शरीर बदलतं, वजन दोन किलो वाढलं तरी छातीचं माप हलतं, पण ब्रेसियर आपण बाळंतपणानंतरच्याच नंबरची मागत राहतो. खालच्या पट्ट्यात दोन बोटं सहज जायला हवीत. पट्टा काढल्यावर लाल वळ अर्धा तास राहत असेल तर तो घट्ट आहे. लेस, नायलॉनची जाळी काही दिवस कपाटात ठेवा. धुताना पावडर कमी आणि एक पाणी जास्त. कपड्यात राहिलेली साबणाची पावडर घामाने परत ओली होते आणि चावते. वासाचं कंडिशनर त्यात घालू नका. घरी आल्यावर आणि रात्री मोकळं राहा, सुती गाउन पुरे. घर लहान आहे हे कळतं, मी पण एका खोलीतच वाढले. ओढणी घ्या, पण पट्टा सोडा.

—

निवृत्त_सिस्टर

जुई, मी पालिकेच्या इस्पितळात तेहतीस वर्षं परिचारिका होते, त्यातली बरीच वर्षं सर्जरीच्या वॉर्डात. तुझ्या पोस्टमध्ये तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि तू तिन्हीला एकच नाव दिलंयस. म्हणून थोडं सविस्तर लिहिते. शांतपणे वाच.

वरचा कोरडेपणा. हो, तो पाळी जाण्याशी जोडलेला असतो. इस्ट्रोजेन हे बायकांच्या शरीरातलं हार्मोन कमी झालं की कातडीतलं तेल कमी होतं, पाणी धरून ठेवायची ताकद घटते, आणि कातडी पातळ होत जाते. कातडीला भरीवपणा देणारं कोलॅजन पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत साधारण तीस टक्क्यांनी कमी होतं. स्तनांची कातडी मुळातच नाजूक, त्यात दिवसभर कपड्याखाली घासलेली, म्हणून तिथे आधी जाणवतं. मुंग्या चालणं, ज्याबद्दल पारिजातने लिहिलंय, तेही यातच येतं.

यावर उपाय साधा आहे, पण तो रोज करावा लागतो. पाणी कोमट. आंघोळ दहा मिनिटांच्या आत. साबण काखेत, जांघेत, घडीत. स्तनांवर साबण लावायची गरजच नाही. टॉवेलने पुसायचं नाही, टिपायचं. कातडी अजून दमट असतानाच, दोन-तीन मिनिटांत, बिनवासाचं घट्ट क्रीम लावायचं. सिरॅमाइडचं (हा कातडीतलाच एक तेलकट घटक) मिळालं तर उत्तम, नाहीतर साधी पेट्रोलियम जेली चालते. खोबरेल तेलही कोरड्या कातडीला चांगलं आहे, पण फक्त वरच्या भागाला. रात्री झोपताना परत एकदा. क्रीमची डबी फ्रीजमध्ये ठेव, तुझा गार पेला जे काम करतो तेच ती करेल. खाज आली की नखं लावू नकोस, तळव्याने दाबून धर. बेसन, मुलतानी माती, लिंबू, पाण्यात जंतुनाशक, हे सगळं बंद. ते उरलंसुरलं तेलही ओढून घेतं.

घडीतलं लाल आणि ओलसर. हा कोरडेपणा नाही. मुंबईच्या घामात स्तनांखाली बुरशी धरते आणि त्या जागी तू तेल घातलंस, म्हणजे तिला अंथरूणच घालून दिलंस. तुझी चूक नाही, शंभरातल्या नव्वद जणी हेच करतात. तिथे तेल नाही, क्रीम नाही, पावडर नाही. धुऊन, टिपून, पंख्याखाली पाच मिनिटं कोरडं करायचं आणि मऊ जुन्या सुती धोतराचा किंवा साडीचा तुकडा घडीत ठेवायचा, ओला झाला की बदलायचा. लाल डागाच्या आजूबाजूला सुटे बारीक लाल ठिपके दिसतात का ते बघ. ते दिसले तर बुरशी असण्याचीच शक्यता जास्त. औषध डॉक्टर देतील. आणि रक्तातली साखर तपासून घे. घडीत वारंवार बुरशी येणं हे मधुमेहाचं पहिलं लक्षण असू शकतं. सोबत थायरॉइड आणि हिमोग्लोबिनही करून घे. नुसत्या खाजेमागेही कधीकधी ते निघतं.

आता ती ट्यूब. खोका फेकला नसशील तर त्यावरची बारीक अक्षरं वाच. क्लोबेटासोल किंवा बेटामेथासोन असं काही असेल आणि सोबत आणखी दोन-तीन औषधांची नावं असतील, तर ते स्टिरॉइड आहे. स्टिरॉइडने लाली दबते, म्हणून तीन दिवसांत छान वाटतं. बुरशी मात्र आत वाढत राहते, आणि थांबवलं की उसळून वर येते. घडीत ते औषध जास्त मुरतं, कातडी आणखी पातळ होते, पांढऱ्या भेगा पडतात त्या जात नाहीत. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी स्टिरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायच्या औषधांमध्ये घातली, तरी ती दुकानात सहज मिळतात. ही ट्यूब डॉक्टरांना दाखवायला सोबत ने.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. तू एका ओळीत लिहून पुढे गेलीस, पण मी तिथेच थांबले. डाव्या बोंडावरची खपली. एकाच बाजूला, परत परत येणारी. खाजवल्याने किंवा साध्या एक्झिमानेही (कातडी सुजून, लाल होऊन खाजते तो आजार) अशी खपली धरते, आणि बहुतेक वेळा तेच निघतं. पण स्तनाग्राचा पॅजेट नावाचा एक आजार आहे, तो अगदी असाच दिसतो. स्तनाच्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांत एक ते चार इतकाच तो आढळतो, म्हणजे दुर्मीळच. एक्झिमा बऱ्याचदा भोवतीच्या काळसर भागात सुरू होतो आणि दोन्हीकडे असतो. पॅजेट स्तनाग्रावर सुरू होऊन मग बाहेर पसरतो आणि एकाच बाजूला असतो. पण डोळ्यांनी कुणालाच खात्रीने सांगता येत नाही, मला नाही, डॉक्टरांनाही नाही. म्हणून दोन-तीन आठवड्यांत न जाणारी खपली दाखवायचीच. वॉर्डात मी अशा बायका पाहिल्यात ज्यांनी वर्षभर त्यावर हळद लावली. त्यांचे चेहरे मला आठवतात, म्हणून इतकं ठासून लिहितेय.

आज रात्री सगळे झोपले की कपाटाच्या आरशासमोर उभी राहा. दिवा लाव. हात खाली ठेवून बघ, मग दोन्ही हात वर करून बघ. बोंड आत ओढलंय का, त्यातून पाणी किंवा रक्त येतंय का, कातडी संत्र्याच्या सालीसारखी खड्ड्याखड्ड्यांची झालीय का, एक स्तन अचानक लाल, गरम, जड झालाय का. यातलं काहीही असेल तर ‘पुढच्या आठवड्यात’ नाही, दुसऱ्या दिवशी जायचं.

तू विचारलंस कुणाकडे. आधी कातडीच्या डॉक्टरकडे जा आणि स्तनाग्राचं स्वतःहून सांग. ते पुढे सर्जनकडे पाठवतील. लेडी डॉक्टर हवी असं केसपेपर काढतानाच सांगता येतं, त्यात संकोच नको. मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, सांगितली तर त्या दिवशी छातीला, काखेला पावडर, क्रीम, डिओ काही लावून जायचं नाही; त्यांचे कण फिल्मवर कॅल्शियमच्या बारीक, संशयास्पद ठिपक्यांसारखे दिसतात.

हाताने तपासून घेणंही कमी समजू नकोस. टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईतल्या वस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या दीड लाख बायकांबरोबर एक मोठा अभ्यास केला. निम्म्या वस्त्यांत शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी घरोघरच्या बायकांना बोलावून स्तन हाताने तपासत. २०२१ मध्ये निकाल छापून आला: पन्नाशीच्या पुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास तीस टक्क्यांनी कमी झाले होते. यंत्र नाही, फक्त शिकलेला हात. तुझी पन्नाशी उंबरठ्यावर आहे.

एक राहिलं. सलग बारा महिने पाळी आली नाही की मगच ती गेली असं धरतात. तुझे आठ झालेत. बारा पुरे झाल्यावर पुन्हा कधी रक्त दिसलं, थेंबभर का होईना, तर लगेच स्त्रीरोगतज्ज्ञांकडे.

—

जुई_भांडुप

सिस्टर, तुमचं वाचून हात गार पडले. मग तुम्ही सांगितलं तसं केलं. साडेबाराला दिवा लावला. किती वर्षांनी स्वतःला असं बघितलं कुणास ठाऊक, मुलगा पोटात होता तेव्हा बहुधा. आत ओढलेलं नाही, पाणी नाही. खपली आहे, मसुराच्या डाळीएवढी, पिवळट, आणि तिच्या खाली ओलं आहे. घडीत तुम्ही म्हणता तसे सुटे ठिपके आहेत. ट्यूबच्या खोक्यावर क्लोबेटासोल आहे.

ह्यांना उठवून सांगितलं. ते काही बोलले नाहीत, पण सकाळी म्हणाले, गुरुवारी सुट्टी टाकतो.

—

मालाडची_लेक

माझ्या आईला मधुमेह आहे आणि दर पावसाळ्यात तिला घडीत हेच होतं. ती म्हणते, ‘घामोळं आहे, जाईल.’ आज हे सगळं तिला वाचून दाखवलं. सिस्टर, पावसात कपडे वाळतच नाहीत, त्याचं काय करायचं?

—

निवृत्त_सिस्टर

बाळा, दमट ब्रेसियर घालू द्यायची नाही, एवढं एक पाळ. पंख्याखाली वाळव आणि घालायच्या आधी आतून इस्त्री फिरव, शिवणीवर जरा जास्त. तिच्यासाठी दोन जोड जास्त घेऊन ठेव, म्हणजे ओली घालायची वेळ येणार नाही. आणि साखर किती आहे ते या आठवड्यात बघा. साखर आटोक्यात नसेल तर मलम कितीही लावा, परत येईल.

—

समुद्रकिनारी_गोराई

पाण्याचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. पालिकेचं पाणी तलावांचं, ते मऊ असतं. पण आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर आणि बोअरचं मिसळतात आणि एप्रिल-मेमध्येच सगळ्या बायकांच्या अंगाला खाज सुटते. साबणाचा फेस होईना, बादलीला आतून पांढरा थर बसायला लागला, की समजायचं पाणी जड आलंय. मी शेवटचे दोन तांबे पिण्याच्या नळाचे घेते आणि छातीवरून, पाठीवरून तेच ओतते. फरक पडतो.

—

जुई_भांडुप

मैत्रिणींनो, सहा आठवड्यांनी लिहितेय. काहीजणींनी निरोप पाठवून विचारलं, उत्तर दिलं नाही, राग मानू नका. निकाल येईपर्यंत हातच धजत नव्हता.

कातडीच्या डॉक्टर अगदी तरुण होत्या, माझ्या भाचीच्या वयाच्या. पडदा ओढला, स्वतः हात धुऊन आल्या आणि आधी विचारलं, ‘काकी, किती दिवस झोपला नाहीत?’ तिथेच मला रडू फुटलं. भिंगाने बघितलं. घडीतली कातडी पात्याने हलकेच खरवडून काचपट्टीवर घेतली आणि तासाभरात सांगितलं की बुरशीच आहे. ट्यूब त्यांनी ठेवूनच घेतली. नुसतं बुरशीचं साधं मलम दिलं, लाली गेली तरी सांगितलेले दिवस पुरे करायचे असं दोनदा बजावलं. ट्यूब बंद केल्यावर पहिले आठ-दहा दिवस वाईट गेले. आग आग. त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून तग धरला. गार पाण्यात भिजवलेलं फडकं आणि फ्रीजमधलं क्रीम, एवढ्यावर काढले ते दिवस.

बोंडासाठी सर्जनच्या ओपीडीत पाठवलं. मॅमोग्राफी, सोनोग्राफी दोन्ही झालं. मॅमोग्राफीत दाबतात तेव्हा दुखतं, पण मोजून काही सेकंद. मग भूल देऊन खपलीखालची कातडी थोडीशी काढून तपासायला पाठवली. दोन टाके पडले. रिपोर्टला आठ दिवस. ते आठ दिवस मी मस्जिद बंदरला कसे हिशेब लिहिले ते मला आठवत नाही. नंतर बघितलं तर एका पानावर तीच बेरीज तीनदा केलेली होती. रिपोर्ट घ्यायला हे आणि मी दोघं गेलो. कागद डॉक्टरांच्या हातात देईपर्यंत ह्यांनी माझी पर्स घट्ट धरून ठेवली होती.

एक्झिमा. कर्करोगाच्या पेशी नाहीत. डॉक्टर म्हणाल्या, लेसची ब्रेसियर, वासाचा साबण आणि कोरडी कातडी, तिन्ही मिळून. सौम्य मलम फक्त तेवढ्या जागेला, मोजून दिवस, आणि परत दाखवायला बोलावलंय. पण हेही म्हणाल्या की आलात ते बरोबर केलंत, खपली जुनी होती.

साखरेत मात्र सापडले. तीन महिन्यांची सरासरी ६.२ आली. मधुमेह नाही, पण अगदी अलीकडच्या काठावर. संध्याकाळी कांजूरमार्गला उतरून घरापर्यंत चालत येते आता, जमेल त्या दिवशी.

वरचा कोरडेपणा पूर्ण गेला नाही. क्रीम एक दिवस चुकलं तरी दुसऱ्या दिवशी कळतं. पण रात्री झोप लागते. माठाजवळ उभी राहायला गेले नाही, पंधरा दिवस झाले.

शिवणवाली ताई, काडेपेटीची परीक्षा केली. माझ्या सात ब्लाउजांपैकी पाचांचा मणी झाला. तुम्ही कुठे बसता ते निरोपात कळवाल का? लालबागला यायला मला चिंचपोकळी सोयीचं पडतं.

आणि एक. रिपोर्ट आल्यावर मोठ्या जाऊबाईंना फोन केला. सगळं सांगितलं, खपलीसकट. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘जुई, मला पण आहे गं. उजवीकडे. दोन वर्षं झाली असतील.’ मी एवढंच विचारलं की जात नाही का. म्हणाल्या, ‘हळद लावते.’

मंगळवारी त्यांना घेऊन जातेय. केसपेपर मी लवकर जाऊन काढणार आहे, त्यांना रांगेत उभं राहू देणार नाही. सिस्टर, त्यांचं वय ५७ आहे. सोबत काय काय न्यायचं, तेवढं सांगून ठेवा.

—

निवृत्त_सिस्टर

जुने रिपोर्ट असतील ते सगळे. चालू असलेल्या गोळ्या पाकिटासकट. आई, मावशी, बहीण कुणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग झाला होता का, ते आजच विचारून कागदावर लिहून ठेव, तिथे गडबडीत आठवत नाही. पुढून उघडणारा ब्लाउज घालायला सांग. उद्यापासून हळद बंद, म्हणजे डॉक्टरांना खरी कातडी दिसेल. आणि पडद्याच्या आत त्यांच्याबरोबर तू जा. त्या स्वतः ‘दोन वर्षं’ म्हणणार नाहीत, ‘थोडे दिवस’ म्हणतील. तू सांग.